पाण्याशी वाकडे असलेले कुळ
(स्निग्ध पदार्थ : रचना, प्रकार व कार्य)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने तेला-तुपाच्या शास्त्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. दहावीनंतर कला शाखा घेतली तेव्हा विज्ञानाचा आणि माझा संबंध कायमचा संपला, असे मी समजून चालले होते. तो पुन्हा जुळला, तो आमच्या घरी आलेल्या एका कागदामुळे.

माझे बाबा गेली सव्वीस वर्षे डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जातात. गेल्या वर्षी पुलाचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितले. मिळालेल्या कागदावर ‘लिपिड प्रोफाइल’ असे शीर्षक होते आणि खाली आकडे होते : एकूण कोलेस्टेरॉल २४७, एल.डी.एल. १६८, एच.डी.एल. ३७, ट्रायग्लिसराइड २१०. याचा अर्थ काय, असे मी कागद देणाऱ्या गृहस्थांना विचारले. “डॉक्टरांना दाखवा, तुम्हाला नाही कळायचं,” असे उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते. म्हणूनच ते मला जास्त लागले.

डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायची एक गोळी दिली आणि खाण्यापिण्यात बदल सांगितले. बाबांनी ते बदल आपल्या पद्धतीने अमलात आणले. तूप बंद, तेल बंद, शेंगदाणे बंद, ओले खोबरे बंद. आजीने वरणभातावर तुपाची धार धरली की ते ताट बाजूला ओढत. भूक भागेना म्हणून भात वाढला, आणि चहाबरोबर दोन खाऱ्या सुरू झाल्या. खारीला तेलकट कोण म्हणतो? तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. एल.डी.एल. जेमतेम उतरून १५८ झाले होते आणि ट्रायग्लिसराइड चढून २४० वर गेले होते. तेल सोडल्यावर रक्तातले तेल वाढले कसे? घरात कोणालाच उत्तर देता येईना.

आमच्या शेजारच्या इमारतीत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. एका दिवसात समजेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दोन महिने रविवारी जावे लागले. त्या शिकवणीत जे समजले, ते माझ्यासारख्याच, विज्ञानाशी फारकत घेतलेल्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडत आहे.

कुळाची ओळख

लिपिड हा शब्द चरबी या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून आला. मराठीत आपण ‘स्निग्ध पदार्थ’ किंवा ‘मेद’ म्हणतो. प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थ यांची ओळख त्यांच्या घडणीवरून पटते. स्निग्ध पदार्थांचे तसे नाही. तूप, मेण, कोलेस्टेरॉल आणि गाजराचा रंग यांची घडण एकमेकांशी फारशी मिळत नाही. तरी त्यांना एका कुळात घालतात ते एका स्वभावामुळे : ते पाण्यात विरघळत नाहीत, ईथर, क्लोरोफॉर्म अशा द्रावकांत मात्र विरघळतात.

पाण्याशी हे वाकडे का? पाण्याच्या प्रत्येक रेणूच्या एका बाजूस किंचित ऋण व दुसऱ्या बाजूस किंचित धन विद्युतभार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून राहतात. तेलाच्या रेणूचा मोठा भाग म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची लांब साखळी. तिच्यावर असा भार नसतो, म्हणून पाण्याचे रेणू तिला आपल्या गर्दीत सामावून घेत नाहीत. गाडीच्या दारात एकमेकांचे हात धरून उभ्या असलेल्या टोळक्यात परका माणूस शिरू शकत नाही, तसेच हे. म्हणजे भांडण तेलाने काढलेले नाही; पाणीच त्याला बाहेर ढकलते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे प्रकरण सोपे होते, असे बाई म्हणाल्या. मला तसाच अनुभव आला.

मेदाम्ले आणि चरबी

बहुतेक स्निग्ध पदार्थांचा कच्चा माल म्हणजे मेदाम्ल. कार्बनच्या साखळीच्या एका टोकाला आम्लाचा गट, अशी त्याची घडण असते. शरीर ही साखळी दोन-दोन कार्बन जोडून विणते. म्हणून कार्बनची संख्या बहुधा सम असते, आणि १६ व १८ कार्बनांची मेदाम्ले सर्वाधिक आढळतात. ग्लिसरॉल नावाच्या लहानशा रेणूला अशी तीन मेदाम्ले जोडली की ट्रायग्लिसराइड तयार होते. आपण ज्याला तेल, तूप, चरबी म्हणतो, ते मुख्यतः हेच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल याने प्राणिज चरबीवरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात चरबीची ही मूळ घडण उलगडून दाखवली. हा गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगला.

मग तूप घट्ट आणि तेल पातळ का? साखळीतील प्रत्येक कार्बनला जास्तीत जास्त हायड्रोजन चिकटलेले असले तर ते मेदाम्ल संपृक्त. अशी साखळी सरळ असते आणि सरळ साखळ्या काड्यांच्या पेटीतील काड्यांसारख्या एकमेकींना लागून बसतात. दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असला तर ते असंपृक्त. निसर्गात बहुधा या बंधापाशी साखळीला बाक येतो, आणि वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल या दोहोंत कार्बन १८ च. पण पहिले सुमारे ६९ अंशांवर वितळते आणि दुसरे सुमारे १३ अंशांवर. एका बाकाने एवढा फरक पडतो!

याचा प्रयोग डोंबिवलीत घरोघरी होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी पडली की खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते आणि शेजारची शेंगदाणा तेलाची बरणी मात्र वाहती राहते. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले फार. त्यातले जवळजवळ निम्मे एकटे लॉरिक आम्ल असते. शेंगदाणा आणि तीळ यांत असंपृक्त मेदाम्ले अधिक. दोन असंपृक्त मेदाम्ले, लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक, आपले शरीर तयारच करू शकत नाही. ती अन्नातून घ्यावी लागतात. दुसरे जवसात भरपूर असते. आजीच्या जवसाच्या चटणीला आम्ही नाके मुरडीत होतो, याची मला हे वाचताना थोडी लाज वाटली.

साठवण आणि राखण

चरबीचे पहिले काम साठवणुकीचे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९. शिवाय पिष्ट साठवताना त्याबरोबर पाणीही साठवावे लागते. चरबी पाण्याला जवळ करीत नाही, म्हणून ती कोरडी आणि आटोपशीर राहते. बियांत तेल असते ते आपल्या फोडणीसाठी नव्हे, तर उगवणाऱ्या रोपाची पहिली शिदोरी म्हणून. ही शिदोरी घाण्यावर काढून घेण्याचा धंदा कोकणात अनेकांनी केला. त्यांत बेने इस्रायली मंडळी होती. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. त्यांच्यातील बरीच कुटुंबे पुढे ठाण्यात स्थायिक झाली. तेथील त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ चे आहे.

ठाण्याच्या खाडीवर थंडीत येणारे रोहित पक्षी आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लांब उड्डाण करणाऱ्या पक्ष्यांचे इंधन म्हणजे अंगातली चरबी. हलकी आणि भरपूर ऊर्जा देणारी अशी दुसरी शिदोरी नाही. त्यांच्या पंखांचा गुलाबी रंगही याच कुळातला. शेवाळ आणि ते खाणारे लहान जीव यांच्यामार्फत कॅरोटिनॉइड नावाची, चरबीत विरघळणारी रंगद्रव्ये त्यांच्या शरीरात जातात. गाजराचा रंग त्यांचाच भाऊबंद.

दुसरे काम पाणी दूर ठेवण्याचे. लांब साखळीच्या मेदाम्लाला लांब साखळीचेच अल्कोहोल जोडले की मेण होते. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. त्यामागे पानावरचा मेणाचा थर आणि त्याची बारीक खडबड आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८५७ ची चरबी लावलेली काडतुसे ठाऊक आहेत. चरबी लावण्याचे एक कारण गोळी नळीत सहज सरकावी हे होते आणि दुसरे दमटपणापासून बचाव हे. तिच्यामुळे काय घडले, हे मी सांगायला नको.

पेशीचे कुंपण

कल्याणला दूध नाका नावाचा भाग आहे आणि त्या शहराला म्हशींचे तबेले नवे नाहीत. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो. दूध तर बहुतांशी पाणी. मग हा स्निग्धांश एकदम वर येऊन तेलासारखा तरंगत का नाही? याचे उत्तर फॉस्फोलिपिड या तिसऱ्या प्रकारात आहे.

यात ग्लिसरॉलला मेदाम्ले दोनच असतात आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचा गट असतो. त्यामुळे या रेणूचे डोके पाण्यात रमते आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. दुधातल्या चरबीच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती अशा रेणूंचे वेष्टन असते; शेपट्या आत, डोकी बाहेर. म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. आजी ताक घुसळते तेव्हा हे वेष्टन फाटते, थेंब एकत्र येतात आणि लोणी वर येते. ते कढवून पाणी उडवले की तूप. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरात चाललेली ही कृती म्हणजे एक रसायनशास्त्राचा धडाच आहे.

असेच रेणू दोन थरांत, शेपटीला शेपटी लावून उभे राहिले की पाण्यात एक पातळ पडदा तयार होतो. प्रत्येक सजीव पेशीचे पटल मुळात हा पडदा. गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध पदार्थ वेगळे करून पाण्यावर पसरले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतात, असे त्यांना दिसले. त्यावरून दोन थरांची कल्पना निघाली. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी हे पटल वाहते असून त्यात प्रथिने तरंगत असतात, असे चित्र मांडले. पाण्याशी वाकडे असलेले हे रेणू नसते तर पेशीचे आत आणि बाहेर असे काही उरलेच नसते. आपल्या मेंदूच्या कोरड्या वजनातही जवळपास निम्मा वाटा स्निग्ध पदार्थांचा असतो. ज्या वस्तूला आमच्या घरातून हद्दपार केले होते, तिच्याच जोरावर आम्ही तो निर्णय घेतला होता!

कोलेस्टेरॉल : आरोपी की कामकरी?

चौथा प्रकार स्टेरॉलचा. यात लांब साखळीऐवजी कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. कोलेस्टेरॉल हा त्यातला प्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध सभासद. पित्ताशयातील खड्यांत तो प्रथम सापडला, म्हणून त्याच्या नावात पित्त आणि घन या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत. तो पेशीपटलाला फार सैल वा फार ताठ होऊ देत नाही. त्याच्यापासून पित्ताम्ले बनतात आणि ती आतड्यात चरबी पचवायला मदत करतात. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरोन ही संप्रेरकेही त्याच्यापासूनच. आपली त्वचा उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व करते, तेही कोलेस्टेरॉलच्या एका जवळच्या नातलगापासून. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात. जेवणात थोडा स्निग्धांश नसेल तर ती नीट शोषली जात नाहीत.

येथे आमच्या कोड्याची पहिली गाठ सुटली. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल अन्नातून येत नाही. ते शरीर स्वतः बनवते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. नुसते ताट कोरडे केल्याने हा कारखाना थांबत नाही. तसेच कोलेस्टेरॉल प्राण्यांत असते, वनस्पतींत जवळजवळ नसते. म्हणजे तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे मोठे अक्षर कुठल्याही वनस्पतिजन्य तेलाला लागू आहे. त्यात त्या डब्याची काही मर्दुमकी नाही.

रक्तातली वाहतूक

रक्त हेही मुख्यतः पाणी. त्यात चरबी एकटी प्रवास करू शकत नाही. म्हणून शरीर तिला प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्या आवरणात घालून पाठवते. यकृतातून निघणारे डबे ट्रायग्लिसराइड वाटत जातात. ते उतरल्यावर मागे राहतो तो मुख्यतः कोलेस्टेरॉल वाहणारा डबा म्हणजे एल.डी.एल. एच.डी.एल. हा निरनिराळ्या भागांतून जास्तीचे कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणतो. डोंबिवलीकरांना जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांचे हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. एल.डी.एल. फार झाले आणि वेळेवर उचलले गेले नाही, तर ते रोहिणीच्या भिंतीत साठते. तेथे सूज येते, थर वाढतो आणि वाट अरुंद होते.

हे एल.डी.एल. उचलणारी ग्राहके पेशींवर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना या शोधासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त चरबी फार खाल्ली तर यकृताची ही उचल मंदावते. म्हणून तुपावर मर्यादा हवी. आणि बाबांना दिलेली गोळी? त्या जातीच्या औषधाचा पहिला रेणू जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत सापडला. ही औषधे कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीतील एक पायरी अडवतात. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी जास्त ग्राहके उभी करते आणि रक्तातले एल.डी.एल. खेचून घेते.

ट्रायग्लिसराइड का वाढले, तेही आता कळले. गरजेपेक्षा जास्त भात, साखर, मैदा पोटात गेला की यकृत त्याचीच चरबी करून रक्तात पाठवते. तेल न खाताही तेल तयार होते ते असे.

खारीचे गुपित

उरली खारी. तिचे पापुद्रे सुटतात ते भरपूर घट्ट चरबीमुळे, आणि बेकऱ्यांत ही चरबी बहुधा वनस्पती तुपाची. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन याने १९०२ मध्ये काढली. आपल्याकडे १९३० च्या दशकात शिवडीच्या कारखान्यातून ‘डालडा’ निघू लागला आणि रिकाम्या डब्यांत चाळीच्या गॅलरीत तुळशी लागल्या. अर्धवट हायड्रोजन दिला की काही दुहेरी बंध उरतात, पण त्यांचा बाक जातो. हे ट्रान्स मेद. १८ कार्बनांच्या त्याच ओलेइक आम्लाचे हे सरळ झालेले रूप १३ ऐवजी सुमारे ४४ अंशांवर वितळते. ट्रान्स मेद एल.डी.एल. वाढवते आणि एच.डी.एल. घटवते, असा दुहेरी अपाय करते. भारतात तेलातुपातील त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. म्हणजे आता धोका कमी झाला आहे. पण खारीतील संपृक्त चरबी आणि मैदा जागच्या जागी आहेत. बाबांनी कच्च्या शेंगदाण्याला घराबाहेर काढले होते आणि खारीला मानाने आत घेतले होते.

घरी

हे सगळे मी एका रविवारी जेवणानंतर वहीत आकृत्या काढून बाबांना सांगितले. गोळीचे काम सांगत असताना ते गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, गोळी मी पहिल्या महिन्यानंतर घेतलीच नाही. म्हटलं, मूळच कापलंय, आता गोळी कशाला?” आईच्या हातातले भांडे तसेच राहिले. दोन महिने ती रोज रात्री पाण्याचा पेला त्यांच्या उशाशी ठेवीत होती.

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि सगळे खरे सांगून आले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. भात कमी झाला, खारी गेली. शेंगदाणे आणि जवस परत आले. आजीला वरणभातावर अर्धा चमचा तुपाची परवानगी मिळाली. तिने तो चमचा कोणता असावा, हे स्वतः ठरवले! रोज अर्धा तास चालणे सुरू झाले. तीन महिन्यांनी एल.डी.एल. ९६ आणि ट्रायग्लिसराइड १५० होते. जिना चढताना ते अजून मध्ये एकदा थांबतात. पण आता थांबले की काय होते आहे ते त्यांना माहीत असते.

माझ्या या लेखाने कोणी डॉक्टर होणार नाही, आणि कोणी आपल्या मनाने औषध सुरू वा बंदही करू नये. मला सांगायचे आहे ते इतकेच की स्निग्ध पदार्थ हा शरीराचा शत्रूही नव्हे आणि निव्वळ बळाचा ठेवाही नव्हे. कोणता, किती, आणि तो शरीरात कुठे जाऊन बसतो, हे तीन प्रश्न त्याला विचारावे लागतात. ते विचारता यावेत, म्हणून ही माहिती आपल्या भाषेत असायला हवी. मराठीचे विद्यार्थी म्हणून हे काम आपलेही आहे, असे मला वाटते. “तुम्हाला नाही कळायचं,” असे मला सांगणाऱ्या त्या गृहस्थांवर आता माझा राग नाही. पुढच्या वेळी कागद आणायला बाबांबरोबर मीच जाणार आहे. रांगेत आमच्या मागे कोणी तसाच कागद हातात घेऊन उभे असेल, तर त्यातला एखादा शब्द मला मराठीत सांगता येईल.

— तृतीय वर्ष कला (मराठी)